स्क्रूजची टर्की आणि फ्रेडचे दार

डिसेंबर उजाडला की गोव्यातील बाजारपेठांना निराळेच रूप येते. म्हापशापासून मडगावपर्यंत दुकानांच्या दर्शनी भागी तारे लटकू लागतात, काचांवर कापसाचे हिम पडते, आणि ज्या भूमीने हिमाचा कण कधी पाहिला नाही त्या भूमीत लाल डगला ल्यालेला एक स्थूल वृद्ध घामाने निथळत मुलांना गोळ्या वाटीत उभा असतो. त्याच सुमारास एक तक्रारही कानी येऊ लागते. ती आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचीच असते आणि तिच्यातील खेद खरा असतो: नाताळ पूर्वी देवाचा होता, आता तो दुकानदाराचा झाला. या तक्रारीपाठोपाठ बहुधा एका पुस्तकाचे नाव निघते. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटेखानी कादंबरी मुलांच्या हाती द्या, म्हणजे सणाचा खरा अर्थ त्यांस उमगेल, असे सुचविले जाते.

हे औषध रोगावर कितपत लागू पडते ते पाहावे म्हणून आम्ही हे पुस्तक या खेपेस पुन्हा समग्र वाचले. शालेय संक्षेप नव्हे, मूळ ग्रंथ. वाचून जे वाटले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

देवस्थानाच्या सावलीत वाढलेले आमचे काही वाचक येथे विचारतील की, दुसऱ्यांच्या सणाची ही उठाठेव आपणांस कशाला? शंका रास्त आहे. परंतु हा रोग एकट्या नाताळास जडलेला नाही. चतुर्थीचे मखर आता तयार मिळते. माटोळीची जी रानफळे पूर्वी मुले डोंगर धुंडाळून आणीत ती बाजारात घासाघीस करून घ्यावी लागतात. आणि जत्रेस गेलेल्या मंडळींचा किती वेळ देवापुढे जातो व किती फेरीत, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहण्यास निघालेल्या माणसास आपल्या डोळ्यातील मुसळाची जाणीव असली, म्हणजे त्याची नजर फारशी चुकत नाही.

कथा बहुतेकांस ठाऊक आहे. एबेनेझर स्क्रूज हा लंडनचा कवडीचुंबक सावकार. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो जेवणाचे आमंत्रण घेऊन आलेल्या भाच्यास वाटेला लावतो, गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्या दोघा सद्गृहस्थांस तुरुंग आणि गरिबांची श्रमगृहे बंद पडली आहेत काय असे विचारतो, आणि कारकून बॉब क्रॅचिट यास एका दिवसाची सुट्टी देतानाही कुरकुरतो. रात्री मृत भागीदार मार्ले याचे भूत येते, मागोमाग गत, वर्तमान व भावी नाताळचे तीन आत्मे येतात, आणि सकाळी स्क्रूज पालटलेला असतो.

हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागील प्रेरणा व्यापारी नव्हती. खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीच्या सरकारी चौकशीचा अहवाल त्या वर्षी डिकन्सच्या वाचनात आला होता. सप्टेंबरात त्याने फील्ड लेन येथील दरिद्री मुलांची शाळा स्वतः पाहिली होती. या मुलांच्या वतीने एक पत्रक काढावे असा त्याचा मूळ बेत. बाप कर्जापायी तुरुंगात असताना वयाच्या बाराव्या वर्षी तो स्वतः बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसला होता; ते दुःख त्याने आयुष्यभर कोणास फारसे सांगितले नाही. पत्रकाची त्याने कथा केली, यात त्या दुःखाचा वाटा मोठा असला पाहिजे.

परंतु हे पुस्तक बाजारात आले ते कोणत्या वेषात? लाल कापडी बांधणी, पानांच्या सोनेरी कडा, जॉन लीचची चार रंगीत चित्रे, आणि किंमत पाच शिलिंग. कथेतील बॉब क्रॅचिटचा पगार आठवड्यास पंधरा शिलिंग आहे. म्हणजे ज्याची कैफियत या पुस्तकात मांडली आहे, त्याने ते घ्यावयाचे ठरविले असते तर आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा त्यास मोजावा लागला असता. पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. थाटमाटाच्या खर्चामुळे लेखकाच्या पदरी अपेक्षेहून फारच थोडे पैसे पडले ही गोष्ट वेगळी; भेट म्हणून द्यावयाची वस्तू या नात्याने नाताळच्या पुस्तकास गिऱ्हाईक आहे, हे मात्र प्रकाशकांनी पक्के ओळखले. योगायोग असा की त्याच वर्षी हेन्री कोल याने पहिले छापील नाताळपत्र शिलिंगाला एक याप्रमाणे विक्रीस काढले. त्या पत्राच्या मध्यभागी मद्याचे पेले उंचावणारे एक सुखी कुटुंब आहे, आणि दोन्ही कडांच्या अरुंद चौकटींत भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देणारी माणसे आहेत. पुढे जे झाले ते या रचनेतच सूचित होते, असे आम्हांस वाटते. मधले चित्र वाढत गेले आणि कडांच्या चौकटी कागदाबाहेर पडल्या.

आता कथेकडे वळू. तिसऱ्या प्रकरणात वर्तमान नाताळचा आत्मा स्क्रूजला लंडनच्या रस्त्यांतून नेतो, आणि येथे डिकन्सची लेखणी अक्षरशः बेभान होते. फळवाल्यांच्या व वाण्यांच्या दुकानांची ती वर्णने वाचताना वाचकाच्या तोंडास पाणी सुटते. टोपल्यांतील चेस्टनट पोट सुटलेल्या गृहस्थांसारखे दिसतात, कांदेही जणू येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे मिचकावतात. (आमच्या शाकाहारी वाचकांनी पुढील खाटीकखान्याच्या ओळी वगळून वाचल्या तरी चालेल, रस उणावणार नाही.) भुकेल्या बालपणातून आलेल्या लेखकाने अन्नाविषयी असे लिहावे यात नवल नाही व दोषही नाही. परंतु विक्रेय वस्तूलाच आनंदाचा चेहरा देण्याची ही जी हातोटी, ती पुढे जाहिरातदारांनी पुरती आत्मसात केली. तांबड्या वेषातील नाताळबाबाचे आज रूढ असलेले रूप १९३१ पासून हॅडन संडब्लॉम या चित्रकाराने एका पेयाच्या जाहिरातींसाठी रंगविलेल्या चित्रांनी जगभर पक्के झाले, आणि लाल नाकाचा तो रूडॉल्फ नावाचा हरिण तर १९३९ साली अमेरिकेतील एका दुकानानेच गिऱ्हाइकांच्या मुलांस फुकट वाटावयाच्या पुस्तिकेसाठी जन्मास घातला. त्यांच्या पूर्वजांत डिकन्सचे हे कांदे मोडतात, हे नाकारून चालणार नाही.

दुसरीही एक गोष्ट लक्षात येते. नाताळविषयीच्या या सर्वांत लोकप्रिय पुस्तकात येशूच्या जन्माची कथा कोणी सांगत नाही. ती आहे ती केवळ ओझरत्या सूचनांत. पांगळा टिम चर्चमधून परतताना बापास म्हणतो की, आपणास पाहून लोकांस आजच्या दिवशी पांगळ्यांना चालविणाऱ्याची आठवण झाली असेल. त्याहून मार्मिक सूचना मार्लेच्या तोंडी आहे. साखळदंड ओढीत आलेले ते भूत शोक करते, तो असा की, ज्ञानी पुरुषांस एका दरिद्री घराकडे नेणाऱ्या ताऱ्याकडे आपण हयातीत मान वर करून कधी पाहिले नाही, आणि जाण्यासारखी दरिद्री घरे आपणांसही नव्हती काय. आमच्या मते साऱ्या पुस्तकाची किल्ली येथे आहे. तारा हा शोभेचा नाही. तो कोणाच्या तरी दाराशी नेतो.

ही किल्ली घेऊन पुढे वाचले असता पुस्तकातील दोन प्रसंग एकमेकांसमोर उभे राहतात. पहिला सर्वांच्या स्मरणात आहे. शुद्धीवर आलेला स्क्रूज खिडकी उघडून रस्त्यावरील एका मुलास हाक मारतो, कोपऱ्यावरच्या दुकानातील सर्वांत मोठी टर्की घेऊन दुकानाच्या माणसास धाडावयास सांगतो, लवकर आलास तर अर्धा क्राउन देईन म्हणतो, आणि तो भलामोठा पक्षी गाडीत घालून क्रॅचिटच्या घरी रवाना करतो. कोणी पाठविला हे कळू द्यावयाचे नाही, यावर तो खूश होऊन हसतो. प्रसंग गोड आहे. परंतु ज्या घरी तो पक्षी गेला तेथील जेवण आपण आधीच्या एका प्रकरणात पाहिलेले असते. तेथे काचेची भांडी म्हणून दोन पेले आणि कान तुटलेली एक वाटी. एवढ्या मोठ्या कुटुंबास पुडिंग लहानच, पण ते लहान आहे असे कोणी म्हणत नाही, कोणाच्या मनातही तसे येत नाही. बॉब तर अशा वेळी धन्याच्या नावानेही पेला उचलतो, आणि बायकोने नाक मुरडले असता आज नाताळ आहे एवढेच तिला सुचवितो. आध्यात्मिक सण म्हणून ज्यास म्हणतात तो साऱ्या पुस्तकात कोठे असेल तर तो या तुटक्या वाटीपाशी आहे. श्रीकृष्णाने विदुराघरी कण्या गोड मानल्या, त्याच जातीचा हा प्रसंग. त्या घरात खिडकीतून खरेदी केलेली अजस्र टर्की येऊन पडते, तेव्हा भूक भागते हे खरे. पण आता ते पुडिंग लहान दिसू लागेल, अशी एक रुखरुख वाचकास लागून राहते. पालटलेल्या माणसासही प्रथम सुचले ते विकत घेणेच. जन्मभराची सवय!

दुसरा प्रसंग त्याच दिवशी दुपारचा. स्क्रूज भाच्याच्या घराकडे निघतो. आदल्या दिवशी याच भाच्याचे आमंत्रण त्याने झिडकारलेले असते. दारावरून तो दहाबारा वेळा येरझारा घालतो. पायऱ्या चढून कडी वाजविण्याचे त्याला धैर्य होत नाही. शेवटी मनाचा हिय्या करून तो आत जातो, जेवणघराचे दार अलगद लोटून तोंड तेवढे आत घालतो, आणि मला आत घेशील काय असे फ्रेडला विचारतो. साऱ्या लंडनला कर्ज देणारा माणूस येथे प्रथमच काही मागतो आहे. हातात भेटवस्तू नाही. सकाळी तो दाता होता. दुपारी तो अतिथी आहे, आणि अतिथी होणे दाता होण्याहून त्यास फार अवघड गेले आहे. सकाळी क्षणाचाही विलंब न लावता पैसा बाहेर पडला, येथे मात्र दहाबारा येरझारा. डिकन्सने हे मुद्दाम योजिले असेल वा नसेल, परंतु पुस्तकाचा परमोच्च बिंदू आम्ही येथे मानतो. दुसऱ्या दिवशी बॉबचा पगार वाढतो तोही या येरझाऱ्यांनंतर. पगारवाढ ही भेट नव्हे, तो न्याय आहे. ती एका दिवसाची नाही, वर्षाच्या बावन्न आठवड्यांची आहे. टर्कीचे श्रेय मात्र जगाने मोठ्या उदारपणे गायिले. आम्ही पाहिलेल्या बहुतेक संक्षेपांत टर्की ठेवलेली आहे आणि येरझारा गाळलेल्या आहेत. टर्की विकता येते, येरझारा विकता येत नाहीत. दुसरे कारण आम्हांस सुचत नाही.

ओ. हेन्रीची १९०५ सालची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' हीदेखील अशा वेळी पुढे केली जाते. पत्नी केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी घेते आणि पतीने घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या आणलेल्या असतात. कारागिरी बिनतोड आहे. पण दोघेच जण एका खोलीत आहेत, आणि तिसरा कोणी दार ठोठावीत नाही. तेथे आमचे मन फार वेळ रमले नाही.

उलट टॉल्स्टॉयच्या 'जेथे प्रेम तेथे देव' या १८८५ सालच्या कथेत दाराशिवाय दुसरे काही नाही. एका फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नाताळकथेवरून त्याने ती रचली, पण नाताळचे नाव मात्र काढून टाकले. राहिला तो केवळ रशियन हिवाळा. तळघरात राहणारा मार्तिन हा चांभार खिडकीतून माणसांचे फक्त जोडे पाहतो, आणि जोड्यांवरून माणसे ओळखतो. उद्या मी येईन, असे प्रभूचे शब्द त्याच्या कानी येतात. दुसऱ्या दिवशी तो वाट पाहत बसतो. येतो तो बर्फ झाडून दमलेला म्हातारा स्तेपानिच. त्यास तो चहा देतो. मग उन्हाळी कपड्यांत कुडकुडणारी, तान्हे मूल कडेवर घेतलेली एका शिपायाची बायको येते. तिला कोबीचे सार, आपली जुनी बंडी आणि गहाण पडलेली शाल सोडविण्यास वीस कोपेक. मग सफरचंदावरून भांडणारी म्हातारी व पोरगा. त्यांची तो समजूत घालतो. प्रभू काही येत नाही. रात्री अंधाऱ्या कोपऱ्यातून हीच माणसे एकेक करून पुढे येतात, आणि ज्याची वाट पाहिली तो दिवसभर येतच होता हे मार्तिनला कळते. रामेश्वरास वाहावयाची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या एकनाथांची कथा लहानपणापासून ऐकत आलेल्या आमच्या वाचकांस ही गोष्ट परकी वाटणार नाही. कलाकृती म्हणून डिकन्सचे पुस्तक अधिक चैतन्यमय आहे, यात वाद नाही. टॉल्स्टॉय कधी कधी कीर्तनकारासारखा तात्पर्यावर बोट ठेवतो. परंतु मुलांच्या हाती एकच द्यावयाचे झाल्यास आम्ही टॉल्स्टॉय देऊ. कारण त्यात विकत घेण्याजोगे काही नाही.

वस्तुतः मूळ कथाच दाराची आहे. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळ गव्हाणीत निजविले गेले. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावयाचे ठरविले तेव्हा त्याने मागविले ते गवत, एक बैल आणि एक गाढव. मूर्ती नव्हत्या. रिकाम्या गव्हाणीवर प्रार्थना झाली, आणि बाकीचे लोकांनी आपल्या मनात भरले. आज गावोगाव गोठ्यांच्या स्पर्धा भरतात, रोख बक्षिसे लागतात. गोठ्यात नाचणी रुजवून हिरवळ करणारी घरे अजून आहेत, ती आम्हांस अधिक जवळची वाटतात.

आणि येथे एक अवघड गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या राजसत्तेने हा नाताळ गोव्यात आणला, तिनेच सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या देवांना घरे सोडावयास लावली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास. नदीपलीकडील अंत्रुजाने त्यांस जागा दिली. उतारशाळेत जागा न मिळालेल्या बालकाचे पूजक दुसऱ्यांच्या देवांस जागा नाकारीत होते. ही विसंगती इतिहासात नोंदलेली आहे व ती आम्ही झाकणार नाही. त्याच काळात, १५७९ साली, गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तकथा सांगण्यासाठी मराठीचे दार ठोठावले. ओवी मागितली, पुराणाचा घाट मागितला. सुमारे ११,००० ओव्यांचे त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सत्तेने दारे लावली आणि भाषेने ती उघडली, असे म्हणण्याचा मोह होतो; तो आम्ही आवरतो, कारण स्टीफन्स सत्तेच्याच बाजूचा होता. एवढे मात्र खरे की, परक्याच्या उंबरठ्यावर उभे राहून नम्रपणे मागणे म्हणजे काय, ते या ग्रंथात दिसते. ज्यांच्या देवांनी परागंदा होऊन दुसऱ्याच्या गावी आसरा घेतला, त्यांना जागा नाकारलेल्या बाळाची कथा कळण्यास टीकाकार लागत नाही.

उरला प्रश्न रोजच्या व्यवहाराचा. गोव्यात नाताळला शेजारच्या ख्रिस्ती घरातून कोंसुआदचे ताट येते. नेवऱ्या, दोदोल, दोस, कुलकुलां. वर क्रोशाने विणलेले पांढरे जाळीचे झाकण. आमच्या आजीच्या सोवळ्याच्या काळी ते ताट माजघरात जात नसे. ओसरीवरच मुले त्याचा फन्ना उडवीत. पण ते परत पाठविल्याचे कोणास आठवत नाही. ताट रिकामे परतवू नये हा आपला नियम. म्हणून त्यात नारळ, नाहीतर साखर घालून कोणीतरी ते पोचवावयास जाई, आणि गेलेला माणूस अर्धा तास तरी तेथे बसे. चतुर्थीला हाच प्रवास उलट दिशेने होई. अलीकडे ताटाच्या जागी दुकानातील बंद खोका येतो. तो अधिक स्वच्छ असतो, कदाचित अधिक रुचकरही. परंतु खोका परत करावा लागत नाही. पाठविणाऱ्याचा माणूस फाटकाशी तो ठेवून जातो, आणि आमच्याकडूनही चतुर्थीला तसाच एक खोका त्या फाटकाशी जाऊन पडतो. देवाणघेवाण चोख होते. उंबरठा मात्र कोणी ओलांडीत नाही.

गेल्या नाताळला आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी फार वर्षांनी पुन्हा ताट आणले. सुनेला वेळ नसतो, म्हणून या वर्षी खोकाच सांगणार होते, पण हात राहवेना, असे त्या म्हणाल्या. आम्ही घाईत होतो; बाहेर गाडी उभी होती. दारातच ताट घेतले, आभार मानले, नंतर आणून देतो म्हणालो. ते ताट, त्यावरील जाळीच्या झाकणासह, अजून आमच्या फडताळात आहे. हे लिहिताना आम्ही ते दोनदा काढून पाहिले. नारळ घरात आहे.